लांबच्या ट्रिपच्या आदल्या दिवशी बाइकला हात लावू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की दोन महिन्यांनी पहिल्यांदाच मोठ्या ट्रिपला निघायचंय, दहा-बारा दिवसांची, 350 सीसीची बाइक, मागे वहिनी, बजेट मर्यादित, तर रायडिंग गिअरमध्ये, म्हणजे हेल्मेट-जॅकेट-बूट वगैरेमध्ये, आधी काय घ्यायचं, बाइकला काय काय करून घ्यायचं आणि दिवसाला किती किलोमीटर धरायचे. आणि शेवटी लिहिलंयस की आदल्या दिवशी फुल सर्व्हिसिंग करणार, नवीन टायर टाकणार, नवीन जॅकेट-बूट घालूनच निघणार, म्हणजे सगळं फ्रेश. मी इथूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं तू बरोबर विचारलंयस पण हा भाग पूर्ण उलटा करायला पाहिजे. ट्रिपवर कुठलीच गोष्ट पहिल्यांदा वापरायची नाही. टायर, ब्रेक पॅड, चेन, बूट, ग्लोव्ह्ज, सामानाच्या बॅगा, पंक्चर किट, काहीच नाही. जे काही नवीन व्हायचंय ते तीन आठवडे आधी होऊ दे आणि निघेपर्यंत किमान 400-500 किमी त्यावर पडू देत.

कारण साधं आहे. गॅरेजमध्ये बाइक उघडली की काहीतरी सैल किंवा जास्त घट्ट राहण्याची शक्यता तयार होते, मेकॅनिक कितीही चांगला असला तरी. ऑइलचा ड्रेन बोल्ट नीट आवळला गेला नाही, चेन गरजेपेक्षा जास्त ताणली, ब्रेकच्या कॅलिपरचा एक बोल्ट हातानेच लावून ठेवलाय, क्लच केबलला फ्री प्ले म्हणजे थोडी मोकळीकच नाही, बॅटरीचं टर्मिनल सैल. या गोष्टी गॅरेजच्या दारात दिसत नाहीत, पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बाहेर येतात. आता हे दोन-तीनशे किलोमीटर घराच्या आसपास गेले तर संध्याकाळी जाऊन दुरुस्त करून घेशील, आणि ट्रिपचा पहिला दिवस म्हणून गेले तर सामान लादलेली बाइक, मागे माणूस आणि अनोळखी रस्ता अशा अवस्थेत तेच निस्तरत बसशील. माझ्याकडे ट्रिप अर्धवट सोडून आलेल्या ज्या बाइक येतात त्यात इंजिन बसलंय अशा फार कमी असतात, बहुतेक वेळा नुकतंच हात लावलेलं काहीतरी असतं.

टायरचं आधी बोलू. नवीन टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघालेला असतो, गुळगुळीत, थोडा निसरडा, त्याची ग्रिप चालवून चालवून येते. पहिले 150 किमी तरी वळणावर बाइक हळूहळू जास्त वाकवत न्यायची, एकदम जोरात ब्रेक नाही, एकदम थ्रॉटल नाही, आणि पाऊस असेल तर अजूनच जपून. हे मागे वहिनी आणि सामान घेऊन पहिल्याच घाटात करायचं का, तूच ठरव. टायर घेताना बाजूला DOT ही इंग्रजी अक्षरं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात ते वाच, 2325 असेल तर 2025 सालचा 23वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर नवीन दिसतो पण रबर कडक झालेलं असतं. आणि तुझे आत्ताचे टायर खरंच बदलायला पाहिजेत का तेही बघ, खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, टीडब्ल्यूआय म्हणतात, रबर घासून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. अजून बरंच रबर असेल आणि कडेला बारीक भेगा नसतील तर उगाच बदलू नकोस, ते पैसे गिअरला जातील. पण अर्धा संपलेला मागचा टायर घेऊन लांब निघू नये असं माझं मत आहे, कारण लोड टाकला की मागचा टायर मधोमध फार लवकर सपाट होतो आणि मग वळणावर बाइक आधी अडखळते आणि एकदम खाली पडल्यासारखी वाकते, थकलेल्या माणसाला ते नको असतं.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी निघायच्या आधी. चालवून टायर तापला की आकडा वाढतो, साधारण दर 10 अंशांना एक ते दीड पीएसआय, आणि लोक दुपारी पंपावर जातात, आकडा जास्त दिसतो, हवा काढतात, मग दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर पळतोय. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, जास्त तापतो, लोड असताना तर फारच. मॅन्युअलमध्ये किंवा चेनगार्डवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, मागच्या टायरला डबलसीटचा वापर. स्वतःचं छोटं प्रेशर गेज ठेव, पंपावरची गेज एकमेकांशी जुळत नाहीत, आपलं एकच गेज असलं की निदान रोजचा फरक कळतो, आणि रोज एकाच टायरची हवा थोडी थोडी कमी होत असेल तर खिळा आहे हे भर रस्त्यात कळण्याऐवजी सकाळीच कळतं.

ब्रेक. पॅड नवीन टाकलेस तर तेही सेट व्हावे लागतात, डिस्कशी त्यांची पूर्ण जागा बसेपर्यंत पकड कमी असते, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वाढत्या दाबाने वीस-पंचवीस वेळा ब्रेक मारले आणि मध्ये थंड होऊ दिले की बसतात. पण मला जास्त काळजी ब्रेक ऑइलची वाटते कारण त्याकडे कोणी बघतच नाही. डॉट 3, डॉट 4, डॉट 5.1 ही सगळी ऑइलं हवेतलं पाणी शोषून घेतात. डॉट 4 नवीन असताना किमान 230 अंशांना उकळायला हवं असं स्टँडर्ड आहे, आणि पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. घाट उतरताना, दोन माणसं आणि सामान, ब्रेक सतत दाबून धरला की कॅलिपर तापतं, आतलं ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे पोचवत नाही, म्हणजे लिव्हर सरळ हँडलपर्यंत येतो आणि बाइक थांबत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, कधी बदललंय आठवत नसेल तर आत्ता बदलून घे. डॉट 5 नावाचं एक ऑइल असतं ते सिलिकॉनचं असतं, नाव जवळचं असलं तरी बाकीच्यांत मिसळत नाही, ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं. आणि उतारावर गिअर खाली टाकून इंजिनला वेग धरू दे, ब्रेक मारायचा तेव्हा नीट मारून सोडायचा, घासत ठेवायचा नाही.

चेनवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण चांगल्या इराद्याने सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. लांब जायचंय म्हणून लोक चेन ताठ करून घेतात. मागचं चाक वरखाली होताना चेनचा ताण बदलत असतो, पुढचं स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक, स्विंगआर्मचा पिव्हट (मागचं चाक धरणारा दांडा जिथे फिरतो तो बिंदू) आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणलेली असते. बाइक स्टँडवर रिकामी असताना जी चेन एकदम परफेक्ट ताठ दिसते, तीच तुम्ही दोघं बसल्यावर आणि खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर तारेसारखी खेचली जाते, आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. थोडी सैल चेन आवाज करेल, फार तर झटके देईल, पण ताठ चेन बेअरिंग खाते आणि कधीकधी तुटते. स्लॅक, म्हणजे चेनचा सैलपणा, किती ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक रोडबाइकना 20 ते 30 मिमीच्या आसपास आणि लांब सस्पेन्शनच्या बाइकना त्याहून जास्त, पण तुझ्या बाइकचा आकडा तोच खरा. मोजताना चाक फिरवत तीन-चार जागी मोज, कारण चेन सगळीकडे सारखी घासत नाही, जिथे सर्वात ताठ लागेल तिथे आकडा जुळला पाहिजे. मग दोघं बसा, तिसऱ्याला खाली वाकून बघायला सांग की चेनला हाताने हलवता येईल एवढी जागा राहतेय का. एवढं केलंस की झालं.

साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नाही, कारण ओ-रिंगवाल्या चेनमध्ये प्रत्येक जोडाला रबरी रिंगा असतात आणि आतलं ग्रीस त्यांनीच अडवून धरलेलं असतं, पेट्रोलने रबर खराब होतं. तारेचा ब्रश पण नाही. मग पुसून कोरडी करून चेन ल्यूब किंवा गिअर ऑइल, आतल्या बाजूने, म्हणजे फिरताना ते बाहेर पसरतं. ल्यूब संध्याकाळी मुक्कामावर पोचल्यावर कर, चेन गरम असते, रात्रभर मुरतं, सकाळी लावून लगेच निघालास तर सगळं रिमवर आणि टायरवर उडणार. साधारण 500 किमीला एकदा, पावसात चालवलीस तर त्याच दिवशी. आणि कृपा करून इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन साफ करू नकोस, या प्रकारात लोकांची बोटं गेलीत, कापडाचा कोपरा अडकला की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. चाक हाताने फिरव, इंजिन बंद.

नवीन चेन किट टाकायचं असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच, जुन्या, हुकासारख्या वाकलेल्या दातांवर नवीन चेन टाकली तर ती लवकरच जुनी होते. आणि नवीन चेन सुरुवातीला थोडी बसते, पहिल्या काहीशे किमीनंतर परत अॅडजस्ट करावी लागते, म्हणजे परत तेच, हे आधी होऊन गेलेलं बरं.

बाकी बाइकचं पटापट सांगतो. इंजिन ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघ, कारचं ऑइल टाकू नकोस, बऱ्याच कार ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने तो घसरायला लागतो. पुढचं चाक उचलून हँडल हळू डावीउजवीकडे फिरव, मधोमध खाच लागल्यासारखं अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय, बदल. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओला गोल दिसतोय का बघ. स्पोकची चाकं असतील तर प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकं टिचकव, एखादा बद्द आवाज देईल तो सैल. बॅटरी रात्रभर उभ्या बाइकवर साडेबारा व्होल्टच्या वर दाखवायला हवी आणि इंजिन थोडं रेज केल्यावर साधारण 14 च्या आसपास, तसं नसेल तर चार्जिंग बघून घे. क्लच केबलच्या टोकाशी एखादी तार जरी सुटलेली दिसली तरी केबल बदल, आणि जुनी चांगली असेल तर ती स्पेअर म्हणून बरोबर घे, म्हणजे ती तुझ्या बाइकला बसते याची खात्री आधीच झालेली असते.

आता लोड. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं आणि त्यात तुम्ही दोघं, कपडे, हेल्मेट, बॅगा, सगळं धरायचं असतं. या वर्गातल्या बाइकना हा आकडा बऱ्याचदा दीडशे-पावणेदोनशे किलोच्या आसपास असतो, दोन मोठी माणसं बसली की सामानाला फार थोडं उरतं. म्हणून बॅगा भरून खरंच वजन कर. जड वस्तू खाली आणि बाइकच्या मध्याकडे, हलकं वर आणि मागे. टूल, स्पेअर, पाणी मागच्या कॅरिअरच्या टोकाला ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल वेगात थरथरायला लागतं, आणि लोक म्हणतात बाइकच खराब आहे. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब, वाढव, नाहीतर बाइक मागे बसलेली राहते, वळायला आळशी होते, फुटरेस्ट लवकर टेकतो आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. लोड टाकून रात्री भिंतीसमोर उभी करून हेडलाइट खाली घे, दोन मिनिटांचं काम आहे, कोणी करत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोड टाकून ब्रेक मारायची प्रॅक्टिस. हॅरी हर्ट यांच्या टीमने अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये 900 बाइक अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला होता, त्याचा अहवाल 1981 मध्ये आला, त्यात दिसलं की साधारण अपघातात चालवणाऱ्याला धोका दिसल्यापासून काही करायला दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि त्या वेळात बरेच जण मागचा ब्रेक जोरात मारून चाक लॉक करतात आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नाहीत. जास्तीची पकड पुढे असते कारण ब्रेक मारला की वजन पुढे जातं. मागे माणूस आणि सामान असलं की हा हिशोब थोडा बदलतो, मागच्या चाकावर एरवीपेक्षा जास्त वजन राहतं म्हणून मागचा ब्रेकही चांगला उपयोगी पडतो, पण थांबायला एकूण जोर जास्त लागतो आणि मागचा माणूस तुझ्या पाठीवर येतो. हे हातांना आधी माहीत पाहिजे. रिकाम्या रस्त्यावर किंवा मैदानात आधी एकट्याने, मग सामानासकट, मग वहिनींना आधी सांगून हळू वेगात त्यांना घेऊन. पुढचा लिव्हर झटक्याने नाही, दाबत दाबत वाढवत न्यायचा. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर ते चालू झाल्यावर लिव्हर थडथडतो, ते पहिल्यांदा जाणवलं की माणूस घाबरून ब्रेक सोडतो, म्हणून ते पण एकदा अनुभवून घे.

वेगाचा हिशोब पण बघ. 60 ला एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जातोस, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक मारला तर थांबायला साधारण 20 मीटर. 90 ला एका सेकंदात 25 मीटर, आणि थांबायला 45. वेग दीडपट, ब्रेकचं अंतर सव्वादोनपट. म्हणजे लक्षात यायला एक सेकंद धरला तर 37 मीटरऐवजी 70. ओल्या रस्त्यावर याहून बरंच जास्त. वहिनींना घेऊन पहिल्या ट्रिपला वेग कमी ठेव, दिवसाअखेर पोचायच्या वेळेत फरक फार थोडा पडतो.

गिअर. बजेट मर्यादित असेल तर क्रम हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बूट, जॅकेट, पँट. आणि हे सगळं दोघांचं, हे मी ठामपणे सांगतोय. चालवणाऱ्याला भारी हेल्मेट आणि मागे बसणाऱ्याला घरात पडलेलं जुनं, हे मी फार बघतो आणि मला त्याचा राग येतो. पडताना दोघं एकाच वेगाने पडतात, उलट चालवणाऱ्याच्या हातात निदान हँडल असतं आणि समोर काय येतंय ते दिसत असतं, मागच्याला तेही नाही. एकाला महाग जॅकेट घेण्यापेक्षा दोघांना मध्यम घ्या.

हेल्मेट फुल फेसच घे, हनुवटी उघडी नको. ईसीई 22.06 हे सध्याचं युरोपचं स्टँडर्ड आहे, आधीच्या 22.05 पेक्षा यात जास्त ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेगाने आघात देऊन बघतात आणि डोकं तिरकं आपटल्यावर जी पिळवटणारी फिरकी बसते तिचीही टेस्ट असते. अमेरिकेच्या डॉट स्टँडर्डच्या स्टिकरबद्दल एक माहीत असू दे की तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट त्या स्टँडर्डमध्ये बसतं, त्यामुळे नुसत्या स्टिकरवर जाऊ नये. पण कुठलंही स्टँडर्ड असलं तरी फिटिंग चुकलं तर उपयोग नाही. घालून पट्टा लाव, मागून खालच्या कडेला धरून वर-पुढे ढकल, निघून आलं तर मोठं आहे. गाल दाबले गेले पाहिजेत, हेल्मेट हलवलं की गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे. मग घरी अर्धा-पाऊण तास घालून बस. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर डोक्याचा आकार आणि हेल्मेटचा आकार जुळत नाही, ते सवयीने जात नाही. गालाचे पॅड मात्र वापरून थोडे सैल होतात. आतलं थर्मोकोलसारखं कवच एकदाच चेपतं, म्हणून डोक्यासकट आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी संपलं, आणि सेकंडहँड हेल्मेट घ्यायचंच नाही. हेल्मेटचं महत्त्व आज सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण ते कोणीतरी मोजून सिद्ध करावं लागलं होतं, ब्रिटनमधले मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स, टी. ई. लॉरेन्स (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’) यांच्यावर 1935 मध्ये बाइक अपघातानंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक, त्यांनी त्यानंतर या विषयाचा पाठपुरावा केला आणि 1941 मध्ये बाइकस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर आणि हेल्मेटवर लेख लिहिला.

ग्लोव्ह्ज दुसऱ्या नंबरला का, तर पडताना माणूस हात पुढे टाकतो, ते थांबवता येत नाही. तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर कडक स्लायडर असावा आणि मनगटाला पट्टा, ओढून निघता कामा नये. बूट घोट्याच्या वर येणारे आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक भाग असलेले, बाइक पायावर पडली तर घोटा सर्वात आधी जातो. नवीन बुटांनी गिअर लिव्हर जाणवत नाही सुरुवातीला, पाय खाली नीट जातोय का, लिव्हरची उंची बदलावी लागतेय का, हे कळायला दोन-तीन राइड लागतातच. जॅकेटच्या लेबलवर ईएन 17092 (बाइकच्या कपड्यांचं युरोपचं स्टँडर्ड) शेजारी एए किंवा एएए लिहिलेलं असेल तर चांगलं, नुसतं ए म्हणजे घासण्याला कमी टिकणारं. खांदा आणि कोपराच्या पॅडवर ईएन 1621-1 आणि लेव्हल 1 की 2 ते लिहिलेलं असतं, लेव्हल 2 आघात जास्त शोषतं. पाठीत बऱ्याच जॅकेटला नुसता फोम भरलेला असतो, तो काढून खरा बॅक प्रोटेक्टर टाक. आणि पॅड जागेवर राहिले पाहिजेत, कोपराचा पॅड हाताने फिरवून बाजूला जात असेल तर पडल्यावर तो तिथे नसणार, पट्टे घट्ट कर किंवा साइज लहान घे.

पावसासाठी जॅकेटच्या आत लावायच्या वॉटरप्रूफ लायनरपेक्षा बाहेरून घालायचा साधा रेनसूट मला जास्त पटतो. आतलं लायनर तुला कोरडं ठेवतं पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं, वाऱ्याने थंडगार पडतं आणि दुसऱ्या दिवशीही ओलंच असतं. शिवाय लायनर लावायला रस्त्यात जॅकेट काढावं लागतं म्हणून माणूस टाळत राहतो आणि भिजतो. ग्लोव्ह्जवरून बाही घे, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी ग्लोव्ह्जमध्ये भरतं. आणि कानात फोमचे इअरप्लग घाला दोघांनी. हेल्मेटच्या आत हायवेच्या वेगाला वाऱ्याचा आवाज 100 डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, हॉर्न आणि इंजिन इअरप्लग घालूनही ऐकू येतात, कमी होतो तो मुख्यतः वाऱ्याचा घोंघाट, आणि संध्याकाळचा अर्धा थकवा त्या घोंघाटाचा असतो. हेही आधी दोन-तीनदा घालून बघा, पहिल्यांदा विचित्र वाटतं.

दिवसाला किती किमी. चांगल्या रुंद रस्त्यावर थांबे धरून ताशी सरासरी 50-55 पडते, डोंगरात 30 च्या खाली पण जाते. पहिल्या ट्रिपला, डबलसीट, मी चांगल्या रस्त्याला 300 आणि डोंगरात 150-180 धरेन, आणि चौथ्या किंवा पाचव्या दिवशी बाइक अजिबात न काढता मुक्काम. लोक पहिला दिवस 600 चा ठेवतात कारण उत्साह असतो, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची वसुली होते, मान, मनगट, बसायची जागा. दर तासा-दीड तासाला उतरायचं, दुखायला लागायच्या आधी. पाणी तहान लागायच्या आधी, कारण वाऱ्यात घाम दिसत नाही, लगेच सुकतो, आणि डोकं जड होऊन निर्णय मंद झालेले स्वतःला कळत नाहीत. हवा 37 अंशांच्या वर गेली की जॅकेट उघडं सोडून वारा घेणं उलट पडतं, शरीरापेक्षा गरम वारा अंग तापवतो. अशा वेळी आतला टीशर्ट ओला कर आणि जॅकेट जवळजवळ बंद ठेव. अंधार पडायच्या तासभर आधी मुक्कामावर, हा नियम पहिल्या ट्रिपला मोडू नकोस.

350 सीसी पुरेल का हे पण विचारलंयस. पुरेल. टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराने 1973 मध्ये निघून 500 सीसीच्या ट्रायम्फवर चार वर्षं जगभर प्रवास केला, तेव्हाच्या ब्रेक-टायरवर. तुझी बाइक त्या बाइकपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

वहिनींशी आधी ठरवून ठेव की थांबायचं असेल तर खांद्यावर दोन टपल्या, खूप वेगात वाटतंय तर मांडीवर एक, आणि चढायच्या-उतरायच्या आधी तू मान हलवल्याशिवाय नाही. वळणावर त्यांनी उलट्या बाजूला झुकायचं नाही, ज्या बाजूला वळतोय त्या खांद्यावरून पुढे बघायचं, शरीर आपोआप बरोबर राहतं.

टूलकिटची परीक्षा घरी घे. कंपनीच्या टूलकिटमध्ये बऱ्याचदा मागच्या अॅक्सलचा मोठा पाना नसतोच, किंवा असतो पण इतका छोटा की जोर लागत नाही. म्हणून फक्त बरोबर नेणार तेवढीच हत्यारं घेऊन अंगणात मागचं चाक काढून परत बसव. जे लागलं ते बरोबर घे, जे लागलं नाही त्यातलं अर्धं घरी ठेव. ट्यूबलेस असेल तर जुन्या टायरला मुद्दाम भोक पाडून पट्टी घालून बघ, ती सुई रबरात घुसवायला किती जोर लागतो ते भर उन्हात पहिल्यांदा कळायला नको. ट्यूब असेल तर स्पेअर ट्यूब दोन्ही साइजच्या, नाहीच जमलं तर पुढची एक तरी, पुढच्या चाकाची ट्यूब अडचणीत मागे चालवून घेता येते. बाजूच्या भिंतीला पंक्चर असेल तर पट्टी लावून चालवायचं नाही, टायरच बदलायचा. पट्टी लावलेल्या टायरवर वेग कमी आणि पहिल्या चांगल्या दुकानात आतून नीट पॅच. बाकी थोडे झिप टाय, चांगली चिकटपट्टी, एम-सील, दोन-तीन फ्यूज, एक जादा क्लच लिव्हर, हातमोजे आणि हेडटॉर्च.

ट्रिपवर रोज सकाळी हवा, ऑइलची पातळी, चेनचा ताण, लाइट आणि बॅगांचे पट्टे, पाच मिनिटं. दर तिसऱ्या दिवशी पाना घेऊन कॅरिअरचे, आरशाचे, सायलेन्सरचे आणि नंबरप्लेटचे बोल्ट, कारण खराब रस्त्यावर सामानाचं कॅरिअर सर्वात आधी सैल होतं, आणि त्याचा एक बोल्ट पडला की उरलेला लोड बाकीच्यांवर येऊन ते एकेक करून तुटतात. कॅरिअर नवीन बसवणार असशील तर त्याच्या सगळ्या बोल्टना आत्ताच थ्रेड लॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावून घे, आणि आवळल्यावर बोल्ट आणि ब्रॅकेट दोन्हीवरून पांढऱ्या पेंटची एक रेघ मार. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरलाय, पाना न लावताच कळतं.